पाळी थांबवणारं इंजेक्शन

केमो झाली, रेडिएशनचे शेक झाले, आता सुटलीस, असं गुहागरात सगळे म्हणत होते. खरं औषध तर तेव्हा सुरू होणार होतं.

माझी स्तनातली कॅन्सरची गाठ ईआर पॉझिटिव्ह, म्हणजे इस्ट्रोजेनवर पोसणारी. वय ३८. केमोत पाळी गेली होती, म्हणून बीजकोषही थांबलेत असं मी धरून चालले होते. डॉक्टर म्हणाले, या वयात ते पुन्हा कामाला लागू शकतात. पाळी चालू असलेल्या बऱ्याच जणींना टॅमॉक्सिफेन ही इस्ट्रोजेनला गाठीपाशी अडवणारी गोळी देतात, रोज २० मिलिग्रॅम, पाच ते दहा वर्षं. माझ्या काखेतल्या गाठींतही आजार पोचलेला, त्यामुळे दर २८ दिवसांनी बीजकोष बंद ठेवणारं गोसेरेलिनचं इंजेक्शन आणि रोज एक्झेमेस्टेनची, म्हणजे बाकी शरीरात इस्ट्रोजेन बनू न देणारी, गोळी असं ठरलं. बीजकोष चालू असले तर ही गोळी एकटी काही करत नाही. म्हणून तारीख चुकवायची नाही.

इंजेक्शन चिपळूणला. पोटाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्यासारखी कांडी सोडतात, सुई चांगलीच जाड. आधी बर्फ लावून घ्या.

मग अंगातून वाफा निघायला लागल्या. मे महिन्यात आमच्याकडे सगळेच घामाघूम, कुणाला काय कळणार! डिसेंबरच्या पहाटे मी पंख्याखाली आणि नवरा गोधडीत, तेव्हा घरात कळलं. शेजारच्या काकूंनी मायेनं शतावरी आणून दिली. डॉक्टर नको म्हणाले, त्यात इस्ट्रोजेनसारखं काम करणारे घटक असू शकतात. खालच्या कोरडेपणाबद्दल तर कुणी आपणहून बोलतच नाही. मीच सिस्टरना विचारलं, तेव्हा हार्मोन नसलेलं जेल मिळालं. सकाळी बोटं आखडतात, नारळ खवताना मनगट ठणकतं. किनाऱ्यावर चालून आलं की जरा मोकळं वाटतं.

सासूबाईंना मात्र आनंदच. "गणपतीत आता तुझी अडचण नाही गो!" हसावं की चिडावं कळेना. मोदक वळायला मलाच बसवलं, त्या मनगटासकट.

हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीत कमरेचं हाड विरळ निघालं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व चालूच होतं, आता दर सहा महिन्यांनी हाडांची झीज रोखणाऱ्या झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाइनही. ते लावण्याआधी दातांची कामं उरकायची असतात, नंतर दाढ काढली तर जबड्याचं हाड भरायला त्रास होऊ शकतो. माझी किडकी दाढ त्यात गेली.