सुवातली यात सेन शाळा: भेटीचा वृत्तांत आणि जाणाऱ्यांसाठी सूचना

फिजीला जाणारे आपले बहुतेक लोक नांदीला उतरतात, किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये राहतात आणि तिथूनच परततात. राजधानी सुवाकडे फारसं कोणी वळत नाही. तिथे पाऊस फार आणि पोहण्याजोगा किनाराही नाही. मी सुवाला गेलो ते मुद्दाम, फ्लॅगस्टाफ भागातली चिनी समाजाची यात सेन शाळा पाहायला. अमेरिकेत दर रविवारी मराठी शाळा भरवणाऱ्या मित्रमंडळींची धडपड मी जवळून पाहिली आहे. म्हणूनच मूठभर चिनी कुटुंबांनी परक्या बेटावर रोजची, पूर्ण वेळेची शाळा कशी उभारली हे मला समजून घ्यायचं होतं.

फिजीतला पहिला चिनी माणूस म्हणून मोय बा लिंग यांचं नाव घेतात. ते 1855 साली ऑस्ट्रेलियाहून शिडाच्या होडीने फिजीतल्या लेवुका या गावी आले. त्यांच्यामागून आलेले बरेचसे लोक ग्वांगडोंग प्रांतातले होते. कोणी दुकान थाटलं, कोणी भाजीचे मळे लावले. इंग्रजांच्या राज्यात शाळाही वंशाप्रमाणे वाटलेल्या होत्या, त्यामुळे मुलांना शिकवायचं कुठे हा प्रश्न होताच. 1936 साली समाजाने स्वतःची प्राथमिक शाळा काढली आणि 1986 साली माध्यमिक. शाळेला नाव आहे चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यात सेन यांचं. ते स्वतःही पॅसिफिकमधल्या बेटावर शिकले, होनोलुलूच्या इओलानी शाळेत. ते हवाईला पोचले 1879 साली, आणि त्याच वर्षी ‘लिओनिडास’ जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले भारतीय मजूर, फिजीत उतरले. हा योगायोग माझ्या डोक्यातून जात नव्हता.

कारण मधल्या सुट्टीत पटांगणावर या दोन्ही वाटा एकत्र आलेल्या दिसतात. चिनी मुलं आहेत, गिरमिटियांची पणतवंडं आहेत आणि मूळ फिजीयन, म्हणजे इतौकेई मुलंही आहेत, सगळी एकाच गणवेशात. मँडरिन या चिनी भाषेच्या तासाला कुरळ्या केसांची एक चिमुरडी बाईंच्या मागून सूर अचूक उचलत होती. तिच्या घरी ही भाषा कोणीच बोलत नाही. माझ्या टॅक्सीवाल्या काकांची नातही इथेच शिकते. ते फिजी हिंदीत अभिमानाने सांगत होते, आणि मला ते जवळजवळ सगळं कळत होतं.

फिजीत बहुतेक शाळा सरकारच्या मालकीच्या नाहीत. चर्च, आर्य समाज, सनातन धर्म सभा, दक्षिण भारतीयांचा संगम, मुस्लिम लीग अशा संस्था त्या चालवतात आणि शिक्षकांचा पगार सरकार देतं. चिनी समाजाची शाळा याच चौकटीत बसते. ती टिकण्याचं मोठं कारण मला हेच वाटतं: दारं सगळ्यांना उघडी आणि अभ्यासक्रम देशाचा, पण भाषा मात्र हट्टाने जपलेली. आपल्या परदेशातल्या मराठी मंडळांनी यावर जरूर विचार करावा.

आता जाणाऱ्यांसाठी. ही शाळा आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे. काही आठवडे आधी मुख्याध्यापकांना ईमेल करा, येण्याचं कारण स्पष्ट लिहा आणि होकार आल्याशिवाय फाटकापाशी जाऊ नका. पोचल्यावर आधी कार्यालयात नोंद करा. मुलांचे फोटो काढू नका. अंगभर, साधे कपडे घाला. वर्षाची तीन सत्रं असतात. मे ते ऑगस्टमधलं सत्र सोयीचं, कारण नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा काळ. छत्री मात्र बाराही महिने हवी.

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, तरी निघण्यापूर्वी नियम पुन्हा पाहून घ्या आणि परतीचं तिकीट जवळ ठेवा. सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे नांदी गाठता येते. तिथून क्वीन्स रोडने सुवा सुमारे 190 किलोमीटर. बसला चार तास किंवा थोडे जास्त. खिडकीची जागा धरा, वाटेत उसाचे मळे आणि समुद्र दिसतो. बसचं कार्ड विमानतळावरच घ्या. सुवाच्या बस स्टँडवरून फ्लॅगस्टाफला शहरातली बस मिळते, टॅक्सीही मीटरने जाते. साउथ पॅसिफिक विद्यापीठाचा परिसर जवळच आहे, तोही त्याच फेरीत पाहून घ्या.

खाण्याचं म्हणाल तर सुवातल्या चिनी खाणावळीत लाँग सूप, म्हणजे नूडल्सचं सूप, मागवा, पावसात फार छान लागतं. शाकाहारी असाल तर नुसतं भाजीचं मागून भागत नाही. मांसाचा रस्सा आणि ऑयस्टर सॉस नको असं स्पष्ट सांगा. नाहीतर बाजारात रोटी पार्सल, म्हणजे रोटीत गुंडाळलेली भाजी, मिळतं, बटाट्याचं घ्या.

हाताशी वेळ असेल तर ओवालाऊ बेटावरच्या लेवुकालाही जा. फिजीतल्या चिनी वस्तीची सुरुवात तिथली, आणि 2013 पासून ते गाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. नातोवीच्या धक्क्यावरून फेरी सुटते. वेळापत्रक बदलत असतं, म्हणून आदल्या दिवशी सुवातच चौकशी करा. रविवारी बहुतेक सगळं बंद असतं, तेव्हा त्या दिवसाचा बेत आखू नका.