रिकाम्या शहराचा प्रयोग: '२८' मालिका आणि मिनी-डीव्ही

मंडळी, कॅमेरा आला आणि चालूही झाला. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. ब्रिटिश दिग्दर्शक डॅनी बॉयलच्या '२८ डेज लेटर'मध्ये जिम कोमातून उठतो आणि माणसांना पिसाळवणाऱ्या विषाणूने ओसाड पडलेल्या लंडनमधून एकटाच चालत सुटतो. त्या भागाचा अभ्यास म्हणून मला तीनेक मिनिटांचं निर्मनुष्य पुणं मिनी-डीव्ही टेपवर, म्हणजे जुन्या छोट्या डिजिटल व्हिडिओ कॅसेटवर, शूट करायचं आहे. त्यात गोष्ट नाही, संवाद नाहीत, रक्तबिक्त तर नाहीच. नुसते रस्ते. सोबतीला मालिकेतले चारही सिनेमे पुन्हा बघतोय, पण या वेळी कथेपेक्षा कॅमेऱ्याकडे लक्ष ठेवून.

कॅमेरा आहे सोनीचा पीडी-१७०. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका काकांच्या माळ्यावर पडून होता. त्या काळातली आपल्याकडची कितीतरी लग्नं, मुंजी, डोहाळजेवणं याच जातीच्या कॅमेऱ्यांवर आहेत, त्यामुळे पहिली टेप लावून स्क्रीनवर चित्र उमटलं तेव्हा बघणारा प्रत्येक जण म्हणाला, "अरे, हे तर आपल्या ताईच्या लग्नासारखं दिसतंय!" हा दोष नाही, मंडळी. बॉयलच्या सिनेमाची निम्मी भीती याच ओळखीतून येते. जे चित्र आपण घरगुती कॅसेटवर आणि बातम्यांत पाहत आलो, त्याच पोताच्या चित्रात लंडन मेलेलं दिसतं. चकचकीत पस्तीस एमएममध्ये तेच रस्ते बघताना डोकं आधीच 'सिनेमा चाललाय' म्हणून सावध झालं असतं.

बॉयलने वापरला होता कॅननचा एक्सएल-१. छायाचित्रणकार अँथनी डॉड मँटल, ज्याने त्याआधी डेन्मार्कच्या डॉग्मे चळवळीतला (कमीत कमी साधनांत सिनेमा करण्याची चळवळ) सिनेमाही असल्याच छोट्या कॅमेऱ्यावर केला होता. पालमध्ये (ब्रिटन आणि आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत) डीव्हीची एक फ्रेम ७२० बाय ५७६ ठिपक्यांची. ती ४:३ आकाराची. थिएटरसाठी वरून-खालून कापून १.८५ची (रुंदी उंचीच्या १.८५ पट) केली, तर जेमतेम ४१५ ओळी उरतात. तुमच्या खिशातला फोन ४केला २१६० ओळी टिपतो! एवढ्याशा चित्रावरून ३५ एमएमची प्रिंट काढून ती जगभरच्या थिएटरांत मोठ्या पडद्यावर दाखवली. लांबच्या शॉटमध्ये जिम म्हणजे हॉस्पिटलच्या हिरवट कपड्यांचा एक डाग. चेहरा नाही, डोळे नाहीत. शहर त्याला गिळून बसलेलं.

माझ्या कॅमेऱ्यात आणि एक्सएल-१मध्ये एक मोठा फरक आहे. एक्सएल-१मध्ये 'फ्रेम मूव्ही मोड' होता, म्हणजे सेकंदाला २५ पूर्ण फ्रेम मिळायच्या. पीडी-१७० सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम देतो, एकाआड एक ओळींच्या. हलणाऱ्या कडांना कंगव्याचे दात दिसतात ते यामुळेच. म्हणून कॅप्चर (टेपवरचं चित्र संगणकात उतरवणं) झाल्यावर डीइंटरलेस करणं, म्हणजे अर्ध्या फ्रेमांच्या पूर्ण फ्रेम बनवणं आलं. एफएफएमपेग या व्हिडिओ सॉफ्टवेअरमधला 'बीडब्ल्यूडीआयएफ' फिल्टर आतापर्यंत सगळ्यात बरा वाटला. एआयने चित्र मोठं आणि रेखीव (अपस्केल) करून बघ असं दोघातिघांनी सुचवलं, ते करून पाहिलं. माणसांचे चेहरे मेणाचे होतात आणि झाडांची पानं प्लॅस्टिकची. ते बाद. ४१५ ओळींत जे नाही, ते नाही.

कॅप्चरसाठी जुन्या डेस्कटॉपमध्ये कॅमेरा जोडायला फायरवायर कार्ड बसवलंय, टेप उतरवायला लिनक्सवर डीव्हीग्रॅब हे सॉफ्टवेअर. तासाभराची टेप उतरवायला तासच लागतो आणि साधारण १३ जीबी जागा जाते. टेपा मात्र जपा! आपल्या पावसाळ्यात कपाटात पडलेल्या टेपांना पांढरी बुरशी धरते आणि तशी एक टेप घातली की कॅमेऱ्याचं टेप वाचणारं हेड घाण, पुढच्या सगळ्या टेपांच्या चित्रात चौकोन. शंका आली तर टेप खिडकीपाशी उजेडात धरून कडा बघायच्या, मगच आत.

आता शटरच्या, म्हणजे प्रत्येक फ्रेम किती वेळ उजेड घेते त्याच्या चाचण्या. मालिकेतल्या संसर्ग झालेल्यांचं ते झटकेबाज, अंगावर येणारं धावणं बऱ्याच अंशी शटरमुळे आहे. नेहमी १/५० सेकंदावर प्रत्येक फ्रेममध्ये हालचालीची थोडी पुसट रेघ राहते आणि डोळा त्या जोडून घेतो. शटर खूप जलद केलं की प्रत्येक फ्रेम कोरीव होते, मधलं काही उरत नाही, आणि धावणारा माणूस इथून तिथे उडी मारल्यासारखा येतो. '२८ डेज'च्या शेवटी, सैनिकांच्या त्या हवेलीत पाऊस पडतो तेव्हा थेंब न् थेंब वेगळा दिसतो, तेही त्यामुळेच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भाच्याला पळवलं. १/५०, १/२५०, १/५००, १/१०००. "मामा, अजून किती?" हा प्रश्न त्याने शटरगणिक विचारला. निष्कर्ष: १/२५०ला नुसतं अस्वस्थ वाटतं, १/५००ला काम होतं, १/१०००ला त्याचा अतिरेक. किंमत उजेडात मोजावी लागते. १/५०वरून १/५००वर जाताना दहापट प्रकाश कमी, म्हणजे तीन स्टॉपहून (दर स्टॉपला प्रकाश निम्मा) जास्त. पहाटेच्या शूटिंगला हे परवडत नाही. म्हणूनच पहाटेचे रिकामे रस्ते एका शटरवर आणि मारामाऱ्या दुसऱ्यावर, हा हिशेब आता पटतोय.

लाल रंगाचीही गंमत सांगतो. पाल डीव्हीमध्ये रंगाची माहिती उजेडाच्या मानाने फार कमी साठवली जाते, आडव्यात अर्धी आणि उभ्यातही अर्धी. त्यात लाल सर्वात वाईट फुटतो. भाच्याचा लाल टी-शर्ट कडांना ओघळल्यासारखा दिसत होता. आता 'डेज' पुन्हा लावा आणि संसर्ग झालेल्यांचे डोळे, तोंडातून उडणारं रक्त बघा. ते वस्तूसारखं नीट दिसतच नाही, चित्रालाच डाग पडल्यासारखं वाटतं.

एक-तृतीयांश इंची सेन्सरचा आणखी एक परिणाम: जवळचं-लांबचं सगळंच जवळपास फोकसमध्ये. आजकाल पार्श्वभूमी धूसर असली की लोकांना 'सिनेमॅटिक' वाटतं. इथे उलट. मागचं सगळं दिसत असल्यामुळे डोळा सारखा मागेच शोधत राहतो, काही हललं का, काही हललं का.

मुख्य प्रश्न मात्र रस्ता रिकामा करण्याचा. लंडनचे ते शॉट २००१च्या उन्हाळ्यात, भल्या पहाटे घेतलेले. वाहतूक पूर्ण बंद करायला परवानगी नव्हती, म्हणून थोडा वेळ गाड्या थोपवायच्या, चालकांना हात जोडून विनंती करायची, आणि ती करायला मुद्दाम तरुण मुली उभ्या केल्या होत्या, त्यात खुद्द बॉयलची मुलगीही. म्हणजे मिनिटा-दोन मिनिटांचा खेळ. एवढ्यात पस्तीस एमएमचा कॅमेरा हलवून लावणंच झालं नसतं. छोटे डीव्ही कॅमेरे स्वस्त, म्हणून एकाच वेळी अनेक ठिकाणी लावता आले आणि रस्ता एकदा मोकळा मिळाला की चार बाजूंनी शॉट. एम-१ हायवेवरही तेच, पोलिसांनी दोन्हीकडची वाहतूक हळू केली आणि मधल्या मोकळ्या पट्ट्यात काम उरकलं. सुमारे ८० लाख डॉलरच्या बजेटमध्ये अख्खं लंडन रिकामं झालं ते असं. व्हाइटहॉलवर उलटी पडलेली लाल डबलडेकर आठवते ना? डाउनिंग स्ट्रीटच्या इतक्या जवळ. त्यानंतर काही आठवड्यांतच ११ सप्टेंबर झालं. पुढे तिथे असं काही करू देणं अवघडच.

पुण्यात अर्थात पहाट रिकामी नसते. लक्ष्मी रोडवर रविवारी पाचला उभं राहून पाहिलं. आप्पा बळवंत चौकाकडे पेपरचे गठ्ठे सुटत होते, दुधाचे क्रेट उतरत होते, पर्वतीकडे निघालेले आजोबा थांबून विचारत होते, "सिरियल का?" कुत्री तर कॅमेऱ्यासमोरच येऊन बसतात. हात जोडून विनंती करायला माझ्याकडे माणसंही नाहीत. तेव्हा पद्धत बदलली. ट्रायपॉड पक्का लावायचा, एकच फ्रेम बराच वेळ चालू ठेवायची, नंतर वेगवेगळ्या क्षणांचे रिकामे कोपरे जोडून एक रिकामा रस्ता बनवायचा. कॅमेरा हलला नाही तर हे मास्किंग अगदी साधं आहे. उजेड बदलतो तेवढी कटकट, त्यामुळे पाच ते सहाच्या मधला एकेक शॉट दहा मिनिटांच्या आत संपवतो. रस्त्यावरचे दिवे चालू असले तर सीसीडीवर (या कॅमेऱ्याचा जुन्या पद्धतीचा सेन्सर) त्यांच्यातून वर-खाली उभी पांढरी रेघ जाते, म्हणून दिवे विझायची वाट बघावी लागते.

एवढ्या वेळा तो भाग पाहून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. नुसता रिकामा रस्ता फक्त पहाटेसारखा दिसतो. ओसाडपणा दिसतो तो सांडलेल्या गोष्टींतून. वेस्टमिन्स्टर पुलावर पर्यटकांना विकायच्या वस्तू विखुरलेल्या, नोटा रस्त्यावर पडलेल्या आणि जिम त्या गोळा करतोय, पिकॅडिली सर्कसला हरवलेल्या माणसांच्या चिठ्ठ्या. गर्दी होती आणि उठून गेली, याचा पुरावा लागतो. माझ्या लक्ष्मी रोडच्या चित्रात तो नाही. म्हणून एक बेत आहे, खाली सांगतो.

'२८ वीक्स लेटर' (२००७) बघून झाला. दिग्दर्शक हुआन कार्लोस फ्रेस्नादियो, बॉयल कार्यकारी निर्माता. सुरुवातीचा कॉटेजमधला हल्ला आणि बायकोला सोडून शेतातून पळणारा रॉबर्ट कार्लाइल, ती दहा मिनिटं मालिकेतली सर्वोत्तम म्हटली तरी मी भांडणार नाही. पुढे मात्र फिल्मवर शूट केलेलं, हेलिकॉप्टरमधून दिसणारं लंडन. कॅनरी व्हार्फजवळचा सुरक्षित पट्टा, अमेरिकी सैनिक, बंदुकीच्या दुर्बिणी. नजर वरून आहे, शहर नकाशासारखं दिसतं. कथेला ते शोभतं, कारण ती राज्य करणाऱ्यांच्या नजरेची गोष्ट आहे, पण माझ्या कामाला तिथून काही घेण्यासारखं नाही. शेवटी पॅरिसमध्ये पळणारे संसर्ग झालेले दाखवून दार उघडं ठेवलं, आणि पुढचा भाग, ज्याला सगळे '२८ मंथ्स' म्हणत, तो कधी आलाच नाही. मध्ये १८ वर्षं गेली.

'२८ यर्स लेटर' जून २०२५मध्ये आला तो बॉयल, पटकथाकार अॅलेक्स गारलंड आणि डॉड मँटल हे तिघे परत घेऊन. पॅरिसचं काय झालं, ते सुरुवातीच्या एका ओळीत आटोपलं: युरोपने विषाणू परतवला, ब्रिटनला वेढा घातला. बऱ्याच चाहत्यांना ते आवडलं नाही. मला चाललं. आणि कॅमेरा? बराचसा भाग आयफोन १५ प्रो मॅक्सवर, वर लेन्स लावून. एकाच चौकटीत ८, १० आणि २० फोन बसवलेल्या तीन रचना, ज्यांतून प्राणघातक क्षणी नजर गर्रकन माणसाभोवती फिरते. आकार २.७६, म्हणजे अतिरुंद. तत्त्व २००१चंच: त्या काळात सामान्य माणसाच्या हातात असलेलं यंत्र घ्यायचं. पण परिणाम वेगळा. रुंद चौकटीत नॉर्थम्बरलंडची हिरवळ इतकी सुंदर दिसते की भीतीला उशीर होतो. भरतीला बुडणारी वाट असलेलं लिंडिस्फार्न बेट खरंच तसं आहे. आणि हेड्रियनच्या भिंतीजवळचं, सायकमोर गॅपचं ते प्रसिद्ध झाड! २०२३मध्ये कुणीतरी खऱ्या जगात तोडलं, पण सिनेमातला ब्रिटन २००२ला थांबलेला असल्यामुळे तिथे ते उभं आहे, संगणकाने परत उभं केलेलं. या मालिकेतली माझी सगळ्यात आवडती कल्पना.

जाता जाता: '२८ यर्स'च्या ट्रेलरमधली ती वेड लावणारी 'बूट्स' कविता किपलिंगची, वाचन टेलर होम्सचं, ध्वनिमुद्रण १९१५चं. किपलिंग जन्मला मुंबईत, वडील जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे. बोअर युद्धातल्या सैनिकांच्या पावलांची ही कविता ट्रेलरमध्ये इतकी बसली की बॉयलने ती खुद्द सिनेमातही घेतली.

मालिकेतला चौथा, 'द बोन टेम्पल' (जानेवारी २०२६) निया डाकोस्टाने दिग्दर्शित केला, छायाचित्रण शॉन बॉबिटचं. राल्फ फाइन्सचा आयोडीन फासलेला डॉक्टर केल्सन एकट्याने सिनेमा खेचतो. कॅमेऱ्याबाबत तिकडे वेगळीच शिस्त आहे, त्यावर स्वतंत्र नोंद.

आवाजाचं काम अजून बाकी. लंडनच्या भागाखाली मॉन्ट्रियलच्या गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर या बँडचं 'ईस्ट हेस्टिंग्ज' वाजतं, हळूहळू चढत जाणारं. ते वापरायचं नाही हे ठरलेलं. बासरी, तानपुरा असला मोहही नाही. मी फक्त रस्त्याचा आवाज ठेवणार आहे, आणि तो अडचणीचा आहे, कारण पुण्यातली पहाट पक्षी आणि भोंगे मिळून भरपूर बोलते. माणसाचा आवाज काढला तरी कावळे राहतातच. कदाचित तेच ठेवावेत.

आता बेत. अनंत चतुर्दशीची मिरवणूक दुसऱ्या दिवशी संपते, त्यानंतर लक्ष्मी रोडवर तुटक्या चपलांचे ढीग, गुलाल, फाटकी पताका, पाण्याच्या बाटल्या. सफाई कामगार लगेच भिडतात, त्यामुळे वेळ फार थोडा. तो पुरावा तिथे आयता आहे. फक्त गर्दी सरते आणि सफाई सुरू होते, या दोहोंमधली फट नेमकी कुठल्या चौकात जास्त मोठी असते, हे कुणी मंडळात काम केलेलं असेल तर सांगा. बेलबाग चौक ते अलका टॉकीज चौक यापैकी जो पट्टा सुचवाल तिथे आधी जाऊन फ्रेम ठरवून ठेवीन. शिवाय हेड साफ करायची कोरडी क्लीनिंग टेप आणि न वापरलेल्या मिनी-डीव्ही टेपा कुणाकडे पडून असतील तर कळवा, घ्यायला मी येतो.