झोळीतला सिंह: गॉथिक चित्रकारांच्या नमुनावह्या

तेराव्या शतकातल्या फ्रान्समधल्या व्हिलार द ओनकूरच्या वहीतला सिंह थेट समोरून आपल्याकडे बघतो. आयाळीची प्रत्येक बट वेगळी गुंडाळलेली, तोंड कंपासच्या वर्तुळात बसवलेलं, आणि चेहऱ्यावर जनावरापेक्षा माणसाची कळा जास्त. शेजारी व्हिलारने आवर्जून लिहिलं आहे की हा सिंह जिवंत पाहून काढला आहे, हे नीट ध्यानात घ्या. आज वाचणाऱ्याला वाटतं, गडी थापा मारतोय. मला तसं अजिबात वाटत नाही. त्याने सिंह पाहिला असेल किंवा नसेल, पण वहीत उतरवताना त्याला असा सिंह हवा होता, जो पुढे कुणालाही, कुठेही, सिंह न बघता काढता येईल. वर्तुळ मारा, मधोमध नाक धरा, बटा ओळीने लावा, झाला सिंह. नमुनावही म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या गॉथिक शैलीच्या कारागिरांनी पुन्हा पुन्हा उतरवण्यासाठी जपलेल्या चित्रांची वही. तिचं सगळं मर्म या एका पानात आहे.

ही वही साधारण 1220 ते 1240 या काळातली. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात तिची 33 चर्मपत्री पानं आहेत, काही पानं मधल्या काळात हरवली. आधी शिशाच्या टोकाने पुसट रेघ आणि मग तीवर शाई, अशी तिची कामाची रीत. व्हिलार गवंड्यांचा प्रमुख होता की नुसताच डोळस प्रवासी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. फ्रान्समधल्या लां शहराच्या कॅथिड्रलच्या मनोऱ्याबद्दल तो लिहितो की इतके देश हिंडलो, पण असा मनोरा कुठे पाहिला नाही. आणि त्या मनोऱ्याच्या कोपऱ्यांतून डोकावणारे दगडी बैलही त्याने काढले आहेत. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या कॅथिड्रलच्या गोल खिडकीचं चित्र मात्र प्रत्यक्ष खिडकीशी जुळत नाही. मोजून आराखडा घेणं हा त्याचा उद्देशच नसावा. खिडकीची कल्पना घरी न्यायची होती, ती त्याने नेली.

याच वहीत काही पानांवर माणसं, घोडे, मेंढ्या, हात आणि चेहरे यांच्या अंगावर त्रिकोण, चौकोन, पंचकोनी तारे आखले आहेत. काम सोपं व्हावं म्हणून ही भूमिती, असं तो सांगतो. याला शरीरशास्त्र समजू नये. तारा आधी आखला की डोकं कुठे, खांदा कुठे, पाय कुठवर, एवढं ठरतं, आणि चित्र बोटाएवढं असो की भिंतीएवढं, प्रमाण बिघडत नाही. त्रिकोणात कोंबलेला माणूस थोडा अवघडलेला दिसतो, ही त्या सोयीची किंमत.

बाकीच्या वह्यांचा घाट वेगवेगळा. व्हिएन्नाच्या कलासंग्रहालयातली 15व्या शतकाच्या सुरुवातीची नमुनावही तर वहीसारखी दिसतही नाही. मेपल लाकडाच्या 14 छोट्या पाट्या, प्रत्येकीवर चार, म्हणजे एकूण 56 चित्रं. सगळं घडीसारखं मिटतं आणि चामड्याच्या डबीत जातं. बहुतेक चित्रं डोक्यांचीच: ख्रिस्त, मारिया, म्हातारे, तरुण, पशुपक्षी. चेहरा चुकला तर चित्र फसतं, म्हणून फिरत्या कारागिराने तेवढेच झोळीत घेतले.

आता नक्कल करायची कशी? 1400च्या आसपास लिहिणारा इटालियन चित्रकार चेन्निनो चेन्निनी सांगतो: करडाचं चर्मपत्र घ्या, ते जेमतेम एकसंध राहील इतकं पातळ तासा, स्वच्छ जवसाचं तेल चोळा आणि बरेच दिवस वाळू द्या. ते पारदर्शक होतं. मूळ चित्रावर ठेवून रेघा गिरवायच्या. आपल्याकडचे लघुचित्रकार याला चरबा म्हणत, आणि त्यांचाही चरबा पातळ कातड्याचाच असे.

गिरवलेली रेघ दुसरीकडे उतरवायला खाका. रेघेवर सुईने भोकं पाडायची आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून हलकेच टेकवत जायची. खाली ठिपक्यांची रांग उमटते, ती जोडून घ्यायची. इथे चुका ठरलेल्या असतात. सरळ रेघेवर भोकं दोन मिलिमीटरवर चालतात, पण नाकाच्या शेंड्याला, बोटांना ती एकाला एक लागून हवीत, नाहीतर वळण बोथट होतं. सुईमुळे मागच्या बाजूला उठलेला काठ घासून काढला नाही, तर भोकं परत मिटतात आणि ठिपके गायब होतात. पुरचुंडी आपटली तर भुगा कागदाखाली पसरतो. गोव्यात जून ते सप्टेंबर ही पूड हमखास ओली होऊन गोळा बनते. तव्यावर कोरडी गरम करून मगच भरावी.

सगळ्यात फसवी चूक म्हणजे खाका उलटा ठेवणं. चित्र सुबक उतरतं, पण संत डाव्या हाताने आशीर्वाद देतो आणि शिपायाची तलवार नको त्या कमरेला लटकते. दुसरी खूण वस्त्राच्या चुण्यांत सापडते. पहिल्या चित्रकाराला माहीत असतं की ही चुणी गुडघ्यावरून सुटली आहे. नकलेची नक्कल करणाऱ्याला नुसती रेघ दिसते. तिसऱ्या-चौथ्या पिढीत गुडघा सरकतो आणि चुणी मात्र जागच्या जागी राहते, कशालाच न टेकलेली. जुन्या चित्रात अशी चुणी दिसली की समोर वही उघडी होती, हे बहुतेक ओळखावं.

जर्मनीतल्या गटिंगनची नमुनावही, साधारण 1450ची, याच्या पुढे जाते. तिथे आकाराबरोबर कृतीही लिहिली आहे. अकँथस या दातेरी पानांच्या झाडाचं वळणदार पान टप्प्याटप्प्याने दाखवलं आहे: नुसती रेघ, मग सपाट रंग, मग गडद छाया, शेवटी उजळ कड, आणि प्रत्येक रंग कसा तयार करायचा हे जर्मन भाषेत दिलं आहे. याच नमुन्यांची पानं गटिंगनमधल्या गुटेनबर्ग बायबलच्या, म्हणजे गुटेनबर्गने छापलेल्या बायबलच्या, प्रतीवर रंगवलेली सापडतात. वही आणि तिच्यावरून झालेलं काम दोन्ही हाती लागावं, हे फार क्वचित घडतं. पुढे कोरीव ठशांची छापील चित्रं स्वस्तात मिळू लागली आणि वह्यांचं काम त्यांनी उचललं. गोव्यातल्या हस्तिदंती मूर्तिकारांपुढे युरोपातून आलेली अशीच छापील चित्रं असत.

गॉथिकचं शेवटचं टोक पाहायचं तर जुन्या गोव्यात जावं. मोन्ते सांतोवरच्या रोझरी मातेच्या इगर्जीत (चर्चमध्ये) पिळाच्या दोरखंडासारखं दगडकाम आहे, आणि सांत फ्रान्सिसच्या इगर्जीचा जुना मानुएली, म्हणजे पोर्तुगीज उत्तर-गॉथिक शैलीचा, दरवाजा 1661च्या नव्या बांधकामातही राखला आहे. दोरखंडाचा पिळ नीट बघा. एक वेढा ठरला की तोच पुढे सरकवत न्यायचा. वीतभर रेखाटनावर अख्खा खांब निघतो. आपल्या कावीकामातही, म्हणजे तांबड्या गिलाव्यावर नक्षी खरवडण्याच्या कामातही, हाच हिशेब. ओल्या गिलाव्यावर विचार करत बसायला वेळ नसतो, म्हणून कंपासची फुलं आधीच हातात बसलेली लागतात.

हात बसवायला चेन्निनीने सांगितलेली सरावाची पाटी घरी करता येते. बारीक पोताची वीतभर लाकडी फळी गुळगुळीत घासा. कोंबडीची हाडं राखेपेक्षा पांढरी होईपर्यंत जाळा आणि दगडावर दोन तास वाटा. वालाच्या अर्ध्या दाण्याएवढी पूड थुंकीत कालवून फळीवर पसरा आणि वाळण्याआधी बोटाने थापटा. थर जाड झाला तर पापुद्रे सुटतात. पूड भरड राहिली तर रेघ तुटक येते. सोनाराकडची चांदीची तार पेन्सिलीच्या धारकात बसवा आणि टोक पॉलिश पेपरवर गोल करा, कारण धारदार टोक थर खरवडतं. रेघ आधी करडी दिसते, पुढे तपकिरी होते. पान बिघडलं तर पाटी पुसून हाडाचा नवा हात द्या आणि तेच पान पुन्हा काढा. चर्मपत्र महाग होतं. पाटीवर बसलेलं पानच वहीत जायचं.