निरंक

शुक्रवार, 19 सप्टेंबर 2025

ऑफिसातून पुन्हा तो तक्ता आला. वर्षभरात प्रसिद्ध झालेले शोधनिबंध, त्यांची संख्या, नियतकालिकाचं नाव. मी ‘निरंक’ लिहून सही केली. शून्य लिहिलं असतं तर निदान कुणीतरी मोजून पाहिलं असं वाटलं असतं. निरंक म्हणजे मोजण्यासारखं काही नव्हतंच.

आणि मी तर गेली नऊ वर्षं मोजण्याशिवाय दुसरं फारसं काही केलेलं नाही.

2016 च्या पावसाळ्यात कारवी फुलली तेव्हा घाटाच्या उतारावर आम्ही बारा चौकोन आखले, प्रत्येकी एक मीटरचे, कोपऱ्यांना खुंट्या ठोकून. कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. अख्खा डोंगर जांभळा होतो, मग ती सगळी पिढी एकदम मरते. वाळलेल्या काठ्या वाडीतले लोक कुडाच्या भिंतींसाठी तोडून नेतात. बोंडं मात्र पुढच्या पावसाची वाट बघत थांबतात. पहिली सर आली की ती तडतडून फुटतात, जंगलभर आवाज होतो, आणि बी लांब उडतं. त्यातून उगवलेल्या रोपांपैकी किती जगतात, कोणत्या वर्षी जास्त मरतात, सावलीत किती, उघड्यावर किती, एवढंच मला बघायचं होतं. 2024 ला ती फुलली. यंदाची रोपं मोजली की एक फेरा पुरा होईल. म्हणजे एका निबंधाला नऊ वर्षं. तक्ता दर वर्षी येतो.

2020 ला मला वर जाता आलं नाही. मोजणी वाडीतल्या मावशींनी केली. फोनवर एकेक आकडा सांगितला, मी लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा पुन्हा फोन. “बाई, तिसऱ्या चौकोनात काल दोन जास्त सांगितली. रातच्याला मनात खुटखुट झाली म्हणून आत्ता परत जाऊन आले.” आज तक्ता भरताना ते वाक्य सारखं कानात होतं. मावशी शाळेत गेलेल्या नाहीत.

शनिवार, 20 सप्टेंबर

दुपारी माझा पीएच.डी.चा विद्यार्थी आला. खुर्चीत बसला, पण बोलेना. मग मोबाइल पुढे केला. व्हॉट्सअॅपवर दरपत्रक होतं. पहिल्या लेखकाची जागा एवढ्याला, तिसऱ्या लेखकाची एवढ्याला, विषय तयार, प्रयोग तयार, आलेख तयार, आठ दिवसांत प्रसिद्धी. “मॅडम, एक घेऊ का?”

जुनी मोटरसायकल घेऊ का म्हणून विचारावं तसं त्यानं विचारलं, आणि मला त्याचा राग आला नाही. प्रबंध देण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही अट 2022 मध्ये गेली, पण नोकरीच्या मुलाखतीत निबंधांची संख्या बघतातच. तो तासिका तत्त्वावर शिकवतो, दिवाळीनंतर पगार मिळेल की नाही याची खात्री नाही, घरी दोन बहिणी. त्याला मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

तोंडाचं म्हणायचं तर हेही इथे लिहून ठेवते, अजून कुणाजवळ बोललेले नाही. 2013 साली कॅसच्या, म्हणजे बढतीच्या, फाइलीसाठी मला एपीआयचे, म्हणजे कामाच्या मोजमापाचे, गुण कमी पडत होते. 2010 च्या नियमांपासून प्रत्येक कामाला गुण लागले होते, निबंधाला सगळ्यांत जास्त. मी पैसे भरून एक निबंध छापून आणला. त्यातली माहिती खोटी नव्हती, पण अर्धवट होती, दोन महिन्यांची. कुणी तपासली नाही, एक प्रश्नही विचारला नाही. स्वीकृतीचं पत्र तिसऱ्या दिवशी आलं. प्रमोशन मिळालं. ते नियतकालिक आता अस्तित्वातही नाही.

पुढे 2018 मध्ये पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं की विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांतली जी त्यांनी तपासली त्यांपैकी 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, आपल्या मान्य नियतकालिकांच्या यादीतून 4,305 नियतकालिकं काढून टाकली. ते वाचत होते तेव्हा शेजारी स्टाफरूममध्ये चहा चालला होता, आणि मी मान वर केली नाही.

नंतर यूजीसीचीच ‘केअर’ नावाची नवी यादी आली, या फेब्रुवारीत तीही गेली. दरपत्रक पाठवणारे मात्र तसेच आहेत.

त्याला एवढंच म्हटलं, “सोमवारी घट बसवून झाले की घाटात ये. पेन्सिल आण.”

रविवार, 21 सप्टेंबर

सर्वपित्री. वडिलांचं पान वाढलं. मनात सरांचंही वाढलं. ते माझे गाइड, जाऊन सहा वर्षं झाली.

त्यांच्या हाताखाली पहिल्या वर्षी मी दोनशे पानांवरची पर्णरंध्रं मोजली होती. वही नीट पाहून म्हणाले, “छान. आता पुन्हा मोज.” मी रडले होते. दुसऱ्यांदा आकडे जुळले नाहीत, तेव्हा त्यांना जो आनंद झाला तो अजून आठवतो. काहीतरी कळायला लागलंय असं त्यांना वाटलं. कमला सोहोनींचा केंब्रिजचा प्रबंध अवघा 40 पानांचा होता, हे ते दर बॅचला सांगायचे. बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी हे श्वसनात भाग घेणारं प्रथिन असतं हे बाईंनी दाखवलं, 1939 साली, आणि ते 40 पानांत मावलं.

आज ‘पुन्हा मोज’ म्हणायला कुणाला वेळ नाही. अॅमजेन या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरचे 53 गाजलेले अभ्यास पुन्हा करून पाहिले तर फक्त 6 जुळले, असं 2012 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आलं. 2023 या एका वर्षात जगभरात 10,000 हून जास्त निबंध मागे घ्यावे लागले, त्यांतले 8,000 च्या वर एकट्या हिंदावी या प्रकाशनाचे. मागे घेतले गेले ते सापडले म्हणून. जे सापडले नाहीत त्यांच्या आधारावर कुणीतरी पुढचं काम करत बसलं असेल, एखादी मुलगी रात्र रात्र जागून विचार करत असेल की माझाच हात चुकतोय का. मला त्या मुलीचं फार वाटतं.

संध्याकाळी हिंजवडीहून लेकीचा फोन. दमलेली होती. “आई, आठवडाभर मी काय केलं ते मला सांगता येणार नाही, पण टाइमशीट पूर्ण भरलेली आहे.” मी तिला माझ्या निरंकाबद्दल सांगितलं. माझ्याकडे काम आहे आणि कागदावर काही नाही, तिच्याकडे कागद भरलाय आणि हाती काही नाही. दोघी बराच वेळ गप्प होतो. मग ती म्हणाली, “पुढच्या वेळी मला ने ना वर.”

सोमवार, 22 सप्टेंबर

घट बसवले. काळ्या मातीत सप्तधान्य पेरलं, पाणी शिंपडलं आणि साडेआठला निघाले. तो एसटी स्टँडवर उभा होता, छत्री विसरलेला. पेन्सिल होती.

वाट निसरडी होती. जुन्या कारवीच्या काठ्या बऱ्याचशा तोडून नेलेल्या, उरलेल्या काळ्या पडून तशाच उभ्या. आणि खाली, त्यांच्या बुंध्यांमध्ये, नुसतं हिरवं. बोटाएवढी रोपं, समोरासमोर जोडीनं आलेली पानं. सांभाळून पाय ठेवावा इतकी दाट. मी 2017 मध्ये हे पाहिलं होतं, तरी घसा दाटून आला.

पहिला चौकोन. खुंट्यांना दोरी बांधली. त्यानं मोजली, 187. मी मोजली, 191. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आता कोणता आकडा लिहायचा अशा नजरेनं. मी काहीच बोलले नाही. तो थोडा थांबला, मग शर्टाची पर्वा न करता चिखलात पालथा पडला आणि एका कोपऱ्यापासून सुरुवात केली, प्रत्येक रोपाला बोट लावत. 189. मग मी, त्याच्याच पद्धतीनं, बोट लावत. 189. दोन रोपं एका जुन्या बुंध्याआड होती, ती आधी त्याच्या नजरेतून सुटली होती. मी दोन दुसऱ्याच कुठल्या झाडाची धरली होती, कारवीची नव्हतीच. ते त्यानं मला पानाच्या कडा दाखवून पटवून दिलं.

वहीत त्यानं तारीख, चौकोन क्रमांक आणि आकडा लिहिला. खाली, मी न सांगता: पहिल्या दोन मोजण्या 187, 191, आणि फरक का पडला ते.

दरपत्रकाबद्दल त्यानं काही काढलं नाही. मीही विचारलं नाही.

“मॅडम, ही आता फुलतील कधी?”

“2032.”

तो बोटांवर हिशेब करत होता. “तेव्हा तुम्ही...”

“2031 ला रिटायर होईन. वही तुझ्याकडे असेल.”

तो वहीकडे बघत राहिला. मग ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत ठेवली, कारण वरच्या कड्यावरून पाऊस खाली यायला लागला होता. अजून अकरा चौकोन बाकी होते. दोरी सोडून आम्ही दुसऱ्याकडे निघालो.