शेजारची सीट रिकामी असतानाच येणारा आवाज

कोल्हापुरातील आमच्या गॅरेजमध्ये एका बाईंनी आणलेल्या हॅचबॅकची तक्रार अशी होती की, खराब रस्त्यावर पुढून डाव्या बाजूने टकटक आवाज येतो. मात्र मेकॅनिकला शेजारी बसवून ट्रायल घेतली की तो बंद होतो. या आवाजापायी दुसरीकडे लिंक रॉड आणि शॉकअप माउंटिंग हे सस्पेन्शनचे भाग बदलून झाले होते.

मला तक्रारीचा दुसरा भाग महत्त्वाचा वाटला. शेजारी बसलेला माणूस सीटबेल्टचा पट्टा लावतो तेव्हा तो जिथे अडकतो ते सीटलगतचे बक्कल ताणून धरले जाते आणि त्याचे हलणे थांबते. म्हणून मी मागच्या सीटवर बसलो आणि पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर टकटक सुरू होताच हात पुढे घालून ते रिकामे बक्कल दाबून धरले. आवाज थांबला, हात काढताच पुन्हा सुरू झाला.

बक्कलला फेल्ट टेप (जाड, मऊ कापडी पट्टी) गुंडाळून गाडी तिथेच देता आली असती. परंतु बक्कल हलवून पाहताना त्याचा दांडाच नव्हे, तर बूडसुद्धा बाहेरच्या अंगाला हलत होते, आणि हे मला मुळीच रुचले नाही. सीटखाली एअरबॅगचा पिवळा कनेक्टर असल्यामुळे, ती चुकून फुटू नये म्हणून, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून काही मिनिटे थांबलो, मग सीट सोडवली. बक्कलचा बोल्ट पान्याशिवाय, नुसत्या बोटांनी फिरला. चौकशी केल्यावर कळले की, मध्यंतरी घट्ट बसणारी सीट कव्हरे घातली होती; ती चढवताना बक्कल काढले गेले असणार.

निल्स बोलिन यांनी 1959 मध्ये व्होल्व्होसाठी तयार केलेल्या तीन बिंदूंच्या पट्ट्यात छातीवरचा आणि कमरेवरचा असे दोन्ही ताण बक्कलच्याच बाजूला एकत्र येतात. धडकेच्या क्षणी तो सगळा भार या एका बोल्टवर पडला असता.

आटे तपासून नवा बोल्ट मॅन्युअलमधील मापाप्रमाणे टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळला. बहुतेक गाड्यांत हे माप साधारण 40 न्यूटन-मीटर असते. दांडा दोन सीटमधल्या कन्सोलला घासत होता तेवढ्याच जागी फेल्ट लावले. बक्कलच्या तोंडात स्प्रे मारण्याची सूचना बाईंनी केली, ती मात्र मी मानली नाही, कारण तेलाला धूळ चिकटते आणि आतली खिट्टी अडकण्याचा धोका राहतो.

कव्हरे दोन्ही सीटना घातलेली असल्याने चालकाच्या बाजूचा बोल्टही तपासला. तो घट्ट होता. मग शेजारची सीट रिकामी ठेवून बाईंनी स्वतः त्याच रस्त्यावर गाडी फिरवून आणली. आवाज आला नाही.