काटा मध्यावर आणि तेल १३८ वर : कूलर बसवण्याचा माझा अनुभव

ऑइल कूलर आणि ट्रान्समिशन कूलर, म्हणजे इंजिनचं आणि गिअरबॉक्सचं तेल थंड करणारे छोटे रेडिएटर, बसवणं हे दोनेक दिवसांचं काम. माझे महिने गेले ते त्याआधी, सर्व्हिस सेंटरच्या एका काउंटरवर. तो वैताग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच लिहितो.

गाडी टर्बो पेट्रोल, टॉर्क कन्व्हर्टरवाला (क्लचऐवजी तेलातून इंजिनची ताकद पुढे देणारा) ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. रोजच्या रस्त्यावर तिची काहीच तक्रार नव्हती. रेसिंग ट्रॅकवर मात्र चार-पाच लॅप जोरात मारले की गिअर बदलायला उशीर व्हायचा, मग स्क्रीनवर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा यायचा आणि लगेच ताकद कमी केली जायची. थोडा वेळ सावकाश चालवली की सगळं पूर्ववत. गाडी वॉरंटीत होती, म्हणून स्वतः काही करण्याआधी अधिकृत ठिकाणी विचारावं असं ठरवलं.

तिथल्या फॉर्मवर तक्रारीसाठी एक ओळ आणि खाली दोन चौकोन : ‘तपासणीत आढळले’, ‘आढळले नाही’. तंत्रज्ञ गाडी घेऊन आसपास एक चक्कर मारून यायचा आणि दुसऱ्या चौकोनात खूण व्हायची. साहजिकच आहे. जी तक्रार पूर्ण थ्रॉटलवर, सलग लॅपमध्ये होते ती सिग्नलपर्यंत जाऊन परत येताना कशी दिसणार? सल्लागाराचं उत्तर ठरलेलं होतं, “सर, टेम्परेचरचा काटा मध्यावर आहे, एररही नाही. गाडी ओके आहे.”

तो काटा पाण्याचा आहे, म्हणजे कूलंटचा. तेलाचा नाही, गिअरबॉक्सचा तर नाहीच. शिवाय बऱ्याच आधुनिक गाड्यांत तो मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो : कूलंट ८५ अंशांवर असो की १०५ वर, काटा मध्यावरच दिसतो. लोक उगाच घाबरू नयेत म्हणून केलेली ही सोय आहे. तिच्या आधारावर तेल ठीक आहे असं लिहून देणं मला अजिबात पटत नाही. मी ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकातली माहिती वाचायचं सॉकेट) रीडर लावून नोंद केली होती. इंजिन ऑइल १३८ अंश, गिअरबॉक्सचं तेल १२४, आणि त्याच क्षणी डॅशबोर्डवरचा काटा नेमका मध्यावर. तो फोटो काउंटरवर ठेवला. उत्तर आलं, “बाहेरच्या उपकरणाची नोंद आम्ही धरत नाही.” मग तुमच्या उपकरणाने घ्या म्हटलं, तर त्यासाठी आधी ‘आढळले’वर खूण हवी!

माझे प्रश्न दोनच होते. गिअरबॉक्सच्या तेलाची कमाल मर्यादा किती? आणि मी बाहेरून कूलर बसवला तर वॉरंटीतलं नेमकं काय जाईल? दोन्ही लेखी हवे होते. दर वेळी “वरून आलं की कळवतो”, आणि काही दिवसांनी तक्रारीचं निराकरण झाल्याचा मेसेज. निराकरण कसलं, फाइल बंद केलेली असायची. पुन्हा गेलं की नवा क्रमांक, नवा फॉर्म, नवी चक्कर.

सुटका झाली ती काउंटरवर नाही, आत. एकदा गाडी लिफ्टवर असताना तिथल्या एका वयस्क तंत्रज्ञाशी बोलणं झालं. त्याने स्कॅनर लावला आणि ट्रान्समिशन कंट्रोल युनिटमधला, म्हणजे गिअरबॉक्सच्या संगणकातला, एक तक्ता उघडला. काही युनिट्समध्ये तेल कोणत्या तापमानाच्या टप्प्यात किती वेळ राहिलं याची नोंद साठत जाते. माझ्या गाडीत ती होती. शेवटून दुसऱ्या टप्प्यासमोरचा आकडा पाहून तो म्हणाला, “हे तेल आता बदला, आणि कूलर लावणार असाल तर लावाच.” त्या तक्त्याची प्रिंट जोडल्यावर ‘आढळले’वर खूण झाली आणि वरून पत्रही आलं : बसवलेल्या भागामुळे झालेलं नुकसान वॉरंटीत नाही, बाकी वॉरंटी कायम. कमाल मर्यादेचा प्रश्न मात्र पत्रात गाळलेला होता. तुम्हालाही विचारायचं असेल तर काट्यावर वाद घालत बसू नका. पहिल्याच दिवशी या नोंदीची प्रिंट मागा, आणि उत्तर तोंडी घेऊ नका.

आता कूलरचा फायदा होतो का? ताकद वाढत नाही, सातत्य मिळतं. तेलाच्या डब्यावरचा ३० किंवा ४० हा ग्रेड १०० अंशांवरच्या दाटपणावरून ठरतो. १४० अंशांच्या आसपास तो दाटपणा साधारण निम्म्यावर येतो आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगमधला थर तेवढा पातळ होतो. गिअरबॉक्सच्या तेलाबद्दल जुना ठोकताळा असा, की साधारण ८० अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य निम्मं. ठोकताळाच आहे, पण दिशा बरोबर दाखवतो. टॉर्क कन्व्हर्टर लॉक नसताना त्याच्या दोन बाजू कमी-जास्त वेगाने फिरतात, आणि त्या घसरणीची सगळी उष्णता तेलातच जाते. म्हणून ऑटोमॅटिकवाल्याला एकच कूलर परवडत असेल तर आधी ट्रान्समिशनचा बसवावा, हे माझं ठाम मत.

आणि ज्यांची गाडी फक्त ऑफिसला जाते त्यांनी यात पडू नये. तेल फार थंड राहिलं तरी वाईटच. ८० च्या खाली त्यातली ओल आणि पेट्रोल नीट उडून जात नाही. म्हणून इंजिन ऑइलच्या कूलरला थर्मोस्टॅट हवाच. तो साधारण ८०-८५ अंशांना उघडतो आणि तोवर तेल बहुतांश कूलर टाळून फिरतं. माझा थर्मोस्टॅट सँडविच प्लेटमध्येच आहे, म्हणजे इंजिन आणि ऑइल फिल्टर यांच्यामध्ये बसणाऱ्या, तेल कूलरकडे वळवणाऱ्या चकतीत.

बसवणं सुरळीत झालं. ट्रान्समिशनचा कूलर रेडिएटरमधल्या मूळ कूलरनंतर, परतीच्या लाइनवर जोडला, म्हणजे थंडीत मूळ कूलर तेल गरम करायलाही मदत करतो. दोन्ही कूलर रेडिएटरच्या पुढे एकावर एक ठेवायचं मी नाकारलं, कारण त्यांची गरम हवा मग रेडिएटरलाच मिळते. इंजिन ऑइलचा बंपरच्या कोपऱ्यात गेला. तिथे मेकॅनिकने चाकाच्या आतल्या अस्तराला मागून जाळीची खिडकी कापली. हवा आत येण्याची सोय सगळे करतात, बाहेर जायला वाट नसेल तर कूलर नुसता तापत बसतो. खिडकी कापण्याआधी आणि नंतर तोच लॅप मारून पाहिला, सात-आठ अंशांचा फरक पडला.

आता त्याच ट्रॅकवर इंजिन ऑइल ११५ च्या आसपास थांबतं, गिअरबॉक्सचं १०० च्या आत. इशारा पुन्हा आला नाही. पहिल्यांदा पूर्ण सेशन संपवून, ताकद न कापली जाता, गाडी आत आणली तेव्हा मला खरोखर अभिमान वाटला.

आणखी आठवलं ते : कूलर आणि होज (तेलाच्या नळ्या) भरले की तेलाची पातळी उतरते, तेव्हा इंजिन थोडं चालवून, बंद करून पुन्हा मोजा. गिअरबॉक्सची पातळी मात्र बहुतेक वेळा इंजिन चालू ठेवून, कंपनीने दिलेल्या तापमानालाच मोजायची असते. होज बंपरच्या कडेला घासत असेल तर आवरण घाला, पहिल्या ट्रॅक डे नंतर सगळे जोड हाताने चाचपून ओल बघा. आणि वापरलेला कूलर स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. आधीच्या गाडीचं इंजिन किंवा गिअरबॉक्स निकामी झाला असेल तर धातूचा चुरा आतल्या बारीक वाटांत अडकलेला असतो, आणि कितीही धुतला तरी तो सगळा निघाला याची खात्री कोणी देऊ शकत नाही.