राजा, निघालास तर तूच ना?

फ्रेंचच्या वर्गात बाईंनी आठ ओळी दिल्या: 'मराठीत आणा.' फ्रान्सचा राजा चौथा आंरी याच्या, प्रेयसी गाब्रिएल देस्त्रेसाठीच्या. मोहक गाब्रिएल, हजार बाण रुतलेत, कीर्ती मला युद्धदेवामागे बोलावतेय वगैरे. पुढे पालुपद. त्यात 'देपार्ती' असा जुना शब्द. राजा त्या देपार्तीला क्रूर म्हणतो, दिवसाला करंटा म्हणतो, आणि जीव तरी नसता नाहीतर प्रेम तरी नसतं, म्हणून गळा काढतो.

मी 'देपार्ती'ला 'विरह' लिहिलं. बाईंनी खोडलं. विरह नंतरचा, हा शब्द निघण्याच्या घटकेचा.

तिथेच मला राजाची लबाडी दिसली. आपल्या लावणीत धनी मोहिमेवर जातो आणि रडते घरची. इथे निघालेलाच रडतोय, आणि दोष कुणाला? निघण्याला! चोराच्या उलट्या बोंबा.

तरी गडी आवडतो. कवितेसोबतच्या पत्रात म्हणतो, गद्यापेक्षा हे पद्य माझी अवस्था बरी सांगेल. 'मी फक्त तोंडी सांगितलंय, रचलेलं नाही.' दरबारी कवीने हात फिरवला असावा, अशी अभ्यासकांना शंका आहेच. पालुपद तर म्हणे आधीच्याच एका गाण्यातलं. पण 'रचलेलं नाही' हे आधीच सांगून टाकणं मला कवितेहून गोड वाटलं. जुलै १५९३ मध्ये प्रोटेस्टंट पंथ सोडून कॅथलिक व्हायच्या दोन दिवस आधीही तिलाच कळवतो, रविवारी ती जीवघेणी उडी मारणार. त्याच्या प्रेमपत्रांत मधूनच आडवी रेघ मारलेला एक 'एस' दिसतो, निष्ठेची खूण. निष्ठा म्हणाल तर ती गेली त्याच वर्षी, ऑक्टोबरात, दुसरीला लग्नाचं लेखी वचन देऊन मोकळा!

शेवटच्या खेपेला मात्र निघाली ती. एप्रिल १५९९, ईस्टरच्या आधीचा आठवडा. पोटुशी गाब्रिएल सेन नदीतून नावेने पॅरिसला गेली, राजा फोंतेनब्लोच्या राजवाड्यात राहिला. तिची तब्येत बिघडल्याचं कळल्यावर तो घोड्यावरून सुटला. पॅरिसच्या अलीकडे व्हिलज्युइफजवळ त्याला अडवलं, 'ती गेली' म्हणून सांगितलं आणि माघारी फिरवलं. प्रत्यक्षात ती गेली दुसऱ्या दिवशी, १० तारखेला.

वहीत 'विरह' खोडून मी 'निघणं' लिहिलंय. मात्रा जुळत नाहीत.